व्हायोलिन बिघडलेलं नाही, रेकॉर्डिंग एक पट्टी खाली आहे

बारोक संगीत शिकणाऱ्या आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

ग्रेड परीक्षा जवळ आल्या की आमच्या वाद्यांच्या दुकानात एकच तक्रार येते: "तुम्ही लावून दिलेलं व्हायोलिन यूट्यूबशी जुळत नाही." पीस बहुधा बारोक काळातल्या विवाल्दीची ए मायनर कॉन्चेर्टो (एकटं वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) असते, नाहीतर त्याच काळातल्या बाखचं काहीतरी. ट्यूनरवर पाहिलं तर ए ची तार चोख 440 वर असते. पण घरी कुणीतरी खुंट्या पिळून ती रेकॉर्डिंगशी जुळवायचा प्रयत्न केलेला असतो. मग घोडी (तारांना खालून आधार देणारी लाकडी फळी) वाकलेली, ई ची तार तुटलेली आणि परीक्षा चार दिवसांवर. हे टाळता यावं म्हणून हे पत्रक.

440 आणि 415

पेटी येणाऱ्यांना एका वाक्यात समजेल. आजची ए, म्हणजे पांढरी सहा, 440 हर्ट्झवर असते. बारोक काळातली वाद्यं किंवा त्यांच्या प्रतिकृती वाजवणारे वादक त्यांची ए 415 वर लावतात, म्हणजे आपल्या काळी चारवर. पानावर ए मायनर लिहिलेलं असतं आणि कानावर जी शार्प मायनर पडतं. दोन्ही बाजू सुरातच असतात, फक्त पट्टी वेगळी.

हे 415 आलं कुठून? बारोक काळ साधारण 1600 ते 1750 असा धरतात आणि त्या दीडशे वर्षांत सगळ्यांचा मिळून एक सूर कधीच नव्हता. पॅरिसच्या ऑपेराचा सूर आजच्यापेक्षा जवळजवळ पूर्ण स्वराने खाली होता, तर जर्मन चर्चमधले बरेच ऑर्गन आजच्यापेक्षा वर. लाइपझिगमध्ये बाखला ऑर्गनवादकाची पानं बाकीच्या वादकांपेक्षा एक स्वर खाली लिहून द्यावी लागत, तेव्हा कुठे सगळे एका सुरात वाजत. 440 हा आकडा आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला तो 1939 साली, लंडनच्या परिषदेत. पुढे जुन्या वाद्यांच्या वादकांनी 415 सोयीसाठी पक्कं केलं, कारण ते 440 च्या बरोबर एक पट्टी खाली येतं. आज बनणाऱ्या अनेक हार्प्सिकॉर्डचा (पियानोच्या आधीचं कळांचं वाद्य) कीबोर्ड एक पट्टी बाजूला सरकवला की काम होतं.

विवाल्दीच्या व्हेनिसमध्ये तर सूर चढाच होता, आजच्या 440 च्या आसपास. त्यामुळे त्याची कॉन्चेर्टो 440 वर वाजवण्यात काहीही चूक नाही. आम्ही प्रत्येक व्हायोलिन 440 वर लावून देतो त्याचं कारण मात्र साधं आहे: शाळेचा ऑर्केस्ट्रा, परीक्षेच्या खोलीतला पियानो आणि साथीचा ट्रॅक, सगळे 440 वर असतात.

खुंटीला हात लावण्याआधी

रेकॉर्डिंगचा शेवटचा लांब सूर ट्यूनर ॲपला ऐकवा. ए मायनरच्या पीसचा शेवट ए वर होतो. ॲपवर ए आली तर रेकॉर्डिंग तुमच्याच पट्टीत आहे. जी शार्प आली तर ते 415 वर आहे. फ्रेंच संगीताच्या काही रेकॉर्डिंगमध्ये सरळ जी दिसेल, ते 392 च्या जवळपास लावलेलं असतं.

415 निघालं, तर रेकॉर्डिंग वर चढवा, व्हायोलिन खाली उतरवू नका. वेग न बदलता पट्टी बदलणारी बरीच ॲप मिळतात, त्यात पिच एक सेमीटोन, म्हणजे एक पट्टी, वाढवा. डिजिटल पियानोवर रेकॉर्डिंगसोबत वाजवायचं असेल तर ट्रान्सपोज उणे एक करा आणि सराव संपला की परत शून्यावर आणा. "पियानो बेसूर झाला" म्हणून येणाऱ्या फोनमागे अनेकदा हे विसरलेलं उणे एक असतं.

तार उतरवली तर काय होतं

फाइन ट्यूनर (तार किंचित ताणायचा छोटा स्क्रू) एवढा खाली जात नाही, म्हणून हात खुंटीकडे जातो. एक पट्टी उतरवली की तारेचा ताण सुमारे 11 टक्के कमी होतो. एकदा उतरवून तसंच ठेवलं तर वाद्याला फारसं काही होत नाही. त्रास रोजच्या उतरवण्या-चढवण्याने होतो. तार चढवताना ती घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे ओढते. दर वेळी केसभर. आठवड्याभरात घोडी पुढे झुकते, मग वाकते, आणि एक दिवस आवाज करून पडते. ओळखायचं कसं? व्हायोलिन डोळ्यांसमोर आडवं धरा. टेलपीसकडची (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिकडची) घोडीची बाजू व्हायोलिनच्या पोटाशी काटकोनात हवी.

ई ची तार तुटते त्याचं कारण वेगळं. छेडतात ई आणि पिळतात शेजारची खुंटी. सूर हलत नाही म्हणून आणखी पिळतात, मग चूक लक्षात येते आणि घाईत योग्य खुंटी गरजेपेक्षा जास्त फिरते. त्यात आपली हवा: पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सुकून घरंगळतात. सिंथेटिक तारा एकदा हलवल्या की पुन्हा स्थिरावायला दोन-तीन दिवस घेतात. परीक्षेच्या आठवड्यात ते दिवस कुणाकडेच नसतात.

चारही तारा एकदम सैल कधीच करू नका. आत साउंडपोस्ट नावाची जेमतेम 6 मिलिमीटर जाडीची लाकडी काडी उभी असते. तिला गोंद नसतो, ती निव्वळ दाबावर टिकते. ताण गेला की ती पडू शकते. आतून खडखड ऐकू आली तर तारा चढवू नका, वरची फळी दबून चिरते.

घोडी सरळ करायचे आम्ही पैसे घेत नाही. साउंडपोस्ट बसवायचे घेतो, कारण तो एफ आकाराच्या फटीतून वाकड्या हत्याराने, मिलिमीटरच्या हिशेबाने उभा करावा लागतो आणि वाद्याचा आवाज त्याच्या जागेवर ठरतो. ते काम दहा मिनिटांत होत नाही.

मग त्या रेकॉर्डिंगमधून काय घ्यायचं?

पट्टी सोडून सगळं. म्हणूनच जुन्या वाद्यांवरची रेकॉर्डिंग ऐकाच, असा आमचा आग्रह आहे.

पहिल्यांदा खालचा सूर ऐका. चेलो आणि हार्प्सिकॉर्ड मिळून जो पाया धरतात त्याला बासो कंटिन्युओ म्हणतात. हार्प्सिकॉर्डवाल्याच्या पानावर फक्त डाव्या हाताची ओळ आणि तिच्यावर आकडे असतात, उजवा हात त्याने आकड्यांवरून तिथल्या तिथे भरायचा. पाखेलबेलच्या कॅननमध्ये हा पाया आठच स्वरांचा आहे. तो 28 वेळा येतो आणि त्यावर तीन व्हायोलिन एकामागून एक तीच चाल धरतात.

विवाल्दीची ए मायनर 1711 साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या 12 कॉन्चेर्टोंच्या संचातली सहावी. त्या संचातल्या काही बाखने स्वतः कीबोर्डसाठी उतरवून घेतल्या. तिचा पहिला भाग ऐकताना ध्रुवपद आणि अंतरा डोक्यात ठेवा: सगळे मिळून वाजवतात ते ध्रुवपद, एकटं व्हायोलिन वाजतं तो अंतरा. फक्त इथे ध्रुवपद मध्येच दुसऱ्या पट्टीत डोकावतं आणि शेवटी मूळ पट्टीत येऊन थांबतं. ते कुठे कुठे परततं त्या जागी पानावर पेन्सिलने खूण करा. पीस पाठ करणं निम्म्याने सोपं होतं.

ट्रिल (दोन शेजारचे स्वर भरभर आलटून-पालटून वाजवणं) बहुतेक वेळा वरच्या स्वरापासून सुरू होते हेही कानाने टिपा. पियानोवाल्यांनी पेडलवरून पाय काढावा. हार्प्सिकॉर्डला तसं पेडल नसतं, कळ सोडली की स्वर संपतो. पेडल दाबून बाखची फ्यूग (एकच चाल अनेक आवाजांत एकामागून एक येणारी रचना) वाजवली तर तिचे तीन-चार आवाज एकमेकांत कालवले जातात.

415 चा नाद खरंच लागला असेल तर त्यासाठी वेगळं व्हायोलिन ठेवा. विद्यार्थ्याचं जुनं वाद्य आम्ही तांतीच्या तारा चढवून 415 वर लावून देतो, हवा असेल तर बाहेर वाकलेला बारोक गजही मागवून देतो. तांत नाजूक असते आणि पावसाळ्यात लवकर बेसूर होते, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्याला आम्ही ती सुचवत नाही.

दुकानात येताना गज आणि पीसचं पान सोबत आणा. घोडी पडली असेल तर टेलपीसखाली मऊ फडकं सरकवा, तारा आहेत तशाच राहू द्या आणि घोडी खिशात न ठेवता व्हायोलिनच्या पेटीत ठेवून आणा.