समृद्धीच्या पुढे रस्ता वाढवायचा, पण कोणत्या हिशेबाने?

भिवंडीजवळच्या आमणे गावापर्यंत समृद्धी महामार्ग पोहोचला तो 5 जून 2025 रोजी. इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा तुकडा त्या दिवशी खुला झाला आणि नागपूरपासूनचा 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. सरकारच्या नकाशावर मात्र तो तिथे थांबत नाही. पूर्वेकडे नागपूर–गोंदिया, नागपूर–चंद्रपूर आणि भंडारा–गडचिरोली, मधूनच फुटणारा जालना–नांदेड, पश्चिमेला वाढवण बंदराकडे जाणारी शाखा. याखेरीज वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवीपर्यंतचा 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग. त्याला मंत्रिमंडळाने त्याच जून महिन्यात मान्यता दिली, अंदाजित खर्च 86,300 कोटी रुपये. हे परवडणार का, असे आज विचारले जाते. महाराष्ट्राने हा प्रश्न याआधी दोनदा सोडवला, आणि दोन्ही वेळची गणिते एकमेकांपासून इतकी वेगळी होती की त्यांतले कोणते पुढच्या रस्त्याला लावायचे, हाच खरा वाद आहे.

रस्त्याचा पैसा कोणी द्यायचा, हा विचार आपल्याकडे बराच जुना. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली एक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला. जो गाडी चालवतो त्याच्याकडून घ्या, पण पैसा देशभरच्या रस्त्यांवर वाटा, हे त्यामागचे तत्त्व. टोलमध्ये यातला पहिला अर्धा भाग शिल्लक राहतो, दुसरा गळतो.

पुढची दोन पावले योगायोगाने समृद्धीच्या दोन टोकांच्या नावांनी ओळखली जातात. 1943 मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ तयार झाली. तिचा एक निकष लक्षात ठेवण्यासारखा आहे: विकसित शेतीच्या प्रदेशातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये. रस्ता किती उपयोगी, हे गावापासून मोजले जात होते. 1961 नंतरच्या ‘मुंबई योजने’त पहिल्यांदा 1,600 किलोमीटर द्रुतगती मार्गांचा विचार आला, आणि इथे मोजपट्टी बदलली. द्रुतगती मार्ग बंदिस्त असतो, त्यावर हवे तिथून चढता येत नाही. समृद्धीच्या 701 किलोमीटरांत इंटरचेंज, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या जागा, आहेत दोन डझनांच्या आसपास. कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याला रस्ता रोज दिसतो, पण वापरायचा तर आधी वीस-पंचवीस किलोमीटर जावे लागू शकते. नागपूर योजनेच्या फुटपट्टीने हा रस्ता त्याच्या गावाजवळचा मानता येणार नाही.

कागदावरचे द्रुतगती मार्ग प्रत्यक्षात यायला चार दशके लागली. मुंबई–पुणे मार्गाच्या व्यवहार्यतेचा अभ्यास 1990 मध्ये राइट्स ही सरकारी सल्लागार कंपनी आणि ब्रिटनची स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिक यांच्याकडे सोपवण्यात आला. 1994 च्या अहवालात खर्च होता 1,146 कोटी. युतीचे सरकार आल्यावर 1996 मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी हे काम त्याच्याकडे आले, तीस वर्षे टोल घेण्याच्या परवानगीसह. रिलायन्सची 3,600 कोटींची निविदा नाकारून आपण निम्म्याहून कमी पैशात रस्ता केला, ही गोष्ट तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री नितीन गडकरी आजही भाषणांतून सांगतात. सरकारच्या हमीवर रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला गेला. जानेवारी 1998 मध्ये कामे सुरू झाली, 2002 मध्ये 94.5 किलोमीटरचा पूर्ण रस्ता वाहता झाला. खर्च साधारण 1,630 कोटी.

या रस्त्याला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. जुन्या महामार्गावर घाटात रांगा लागतच होत्या, त्यातली गाडी नव्या रस्त्यावर आली एवढेच. तरीही ‘रस्त्याचे पैसे वसूल झाले’ म्हणजे नेमके काय, यावर वाद झालाच. 2004 मध्ये महामंडळाने पंधरा वर्षांची टोलवसुली 918 कोटी रुपये एकरकमी घेऊन आयआरबी या खासगी कंपनीला दिली. मुदत 2019 मध्ये संपली, टोल संपला नाही. बांधकामाचा खर्च फिटला असेल तर वसुली कशासाठी, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या. 2020 मध्ये वसुलीचे हक्क पुन्हा दिले गेले, यावेळी आठ हजार कोटींच्या वर. सरकारच्या बाजूनेही एक म्हणणे आहे: या रस्त्याच्या टोलवर केवळ हाच रस्ता उभा नाही, महामंडळाची पुढची कर्जेही उभी आहेत. म्हणजे चालू रस्त्यावरचा प्रवासी न बांधलेल्या रस्त्याचे पैसे भरतो. जयकरांची कल्पना वेगळ्या दाराने परत आली म्हणायची.

दरम्यान टोल हा शब्दच राजकारणात नको तितका जड झाला. कोल्हापुरात शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला, तेव्हा एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर तो टोल गेला. 1 जून 2015 पासून राज्य सरकारने 12 नाके बंद केले आणि 53 नाक्यांवर मोटारी व एसटीला माफी दिली. ठेकेदारांची भरपाई अर्थातच तिजोरीतून. गंमत अशी की देशातल्या मोठ्या टोलरस्त्यांपैकी एक ठरलेल्या समृद्धीची घोषणाही 2015 चीच.

समृद्धीचे गणित मुंबई–पुण्याच्या उलट होते. नागपूर ते मुंबई अशी तुंबलेली वाहतूक नव्हती. विदर्भ आणि मराठवाडा मागे राहिले, याचे एक कारण अंतर आहे, तेव्हा रस्ता आधी आणा, वाहतूक मागून येईल, असा हा युक्तिवाद. 1953 च्या नागपूर करारापासून प्रादेशिक अनुशेषाचे जे राजकारण चालत आले, त्याचे हे काँक्रीटी रूप. म्हणूनच मूळ प्रकल्पात रस्त्याकडेला कृषी समृद्धी नवनगरे होती. गोदामे, प्रक्रिया उद्योग, वसाहती तिथे येतील आणि त्यातून वाहतूक जन्मेल, अशी मांडणी. रस्ता झाला, नवनगरांना तो वेग साधला नाही. माझ्या मते विस्ताराच्या चर्चेत सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे.

खर्च सुमारे 55,000 कोटी, म्हणजे किलोमीटरमागे साधारण 78 कोटी. बँकांच्या कर्जाबरोबर सिडको, म्हाडा अशा सरकारी संस्थांचा पैसाही वळवला गेला. मोटारीचा टोल डिसेंबर 2022 मध्ये किलोमीटरला 1 रुपया 73 पैसे होता, एप्रिल 2025 पासून तो 2 रुपये 6 पैसे झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 1,445 रुपये. आता एक ढोबळ हिशेब करून बघू. सगळी रक्कम कर्जाऊ आणि व्याज 8 टक्के धरले (ही दोन्ही माझी गृहीतके), तर नुसते व्याज वर्षाला 4,400 कोटी, दिवसाला 12 कोटी. ते केवळ मोटारींकडून काढायचे तर रोज 83,000 मोटारी पूर्ण लांबी धावायला हव्यात. मोठ्या मालवाहू गाड्यांचा टोल कित्येक पट असतो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा इतका भीतीदायक नसतो. पण या रस्त्याचे भवितव्य ट्रकवाल्याच्या हातात आहे, एवढे त्यातून कळते. आणि ट्रकवाला वेळेपेक्षा डिझेल-टोलची बेरीज आधी करतो.

यावर अभियंते सांगतील की हा वित्तीय परतावा झाला, आर्थिक नव्हे. त्यांचे म्हणणे रास्त आहे. महामंडळाच्या गल्ल्यात किती आले हा एक प्रश्न, आणि समाजाचे इंधन, वेळ, टायर, अपघात यांत किती वाचले हा दुसरा. भारतात या दुसऱ्या हिशेबाचा पाया केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या 1982 च्या रस्ता-वापर खर्च अभ्यासाने घातला. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने पुढे त्याची नियमपुस्तिका केली. 12 टक्के आर्थिक परतावा दिसला की प्रकल्प साधारणपणे योग्य मानतात. यातली नाजूक जागा म्हणजे वाचलेल्या वेळेची किंमत. लाखो प्रवाशांचे पाच-दहा मिनिटे गुणून आलेला आकडा नेहमीच भव्य दिसतो. खात्यात न येणारी बाजूही असतेच. 1 जुलै 2023 रोजी समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला लागलेल्या आगीत 25 जण गेले. सरळ, एकसुरी रस्ता, थकलेले चालक आणि तुटपुंजे थांबे यांवर गंभीर चर्चा झाली ती त्यानंतर.

जमिनीचा अध्याय वेगळाच. समृद्धीसाठी आधी भूसंचय योजना आणली, जमीन द्या आणि विकसित भूखंडाचा वाटा घ्या. शेतकऱ्यांनी ती नाकारली. मग थेट खरेदी सुरू झाली, पाचपट दराने, आणि विरोध बराच निवळला. हे पाचपट मोबदल्याचे सूत्र शक्तिपीठला मिळेल असे धरून चालणाऱ्यांनी 2021 चा शासन निर्णय वाचलेला नसतो. महामार्गांच्या भूसंपादनात ग्रामीण जमिनीचा गुणांक, म्हणजे बाजारभावाला ज्याने गुणतात तो आकडा, 2 वरून 1 वर आणला गेला, चारपटीचा मोबदला दुपटीवर आला.

तुलनेसाठी आणखी एक रस्ता घ्यावा. मुंबई–पुणे मार्गाला खंडाळा घाटात जुना महामार्ग येऊन मिळतो, तिथेच तो तुंबतो. ते टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव ‘मिसिंग लिंक’ आखली गेली. लांबी 13.3 किलोमीटर, मूळ अंदाज 6,695 कोटी, म्हणजे किलोमीटरला 500 कोटींच्या वर. मूळ रस्त्याला किलोमीटरमागे 17 कोटी लागले होते. मधली महागाई आणि लोणावळ्याच्या तलावाखालून जाणारा बोगदा जमेस धरूनही आकडा डोळे फिरवणारा आहे, तरी तो मला गोंदिया शाखेपेक्षा कमी धोक्याचा वाटतो. वाहतूक तिथे आजच उभी आहे, अक्षरशः उभी. गडचिरोलीची बाजू वेगळी. सुरजागडच्या लोहखनिजामुळे तिथे माल आहे, पण मग तो रस्ता प्रवाशांसाठी की खाणीसाठी आणि त्याचे पैसे कोणी भरायचे, हे स्पष्ट बोलायला हवे.

शक्तिपीठाबाबत कोल्हापूर-सांगलीच्या लोकांचा मुद्दा याहून साधा आहे. नागपूर–रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग आधीच आहे आणि बराच भाग त्याच दिशेने जातो. बागायती जमीन आणि पुराचे पाणी अडवणारा भराव, या दोन भीती वर. 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी कोल्हापुरातली अधिसूचना मागे घेतली गेली. निवडणूक झाली आणि विषय परत आला. जून 2025 च्या मान्यतेत भूसंपादनासाठी हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून 12,000 कोटींचे कर्ज घेण्याची तरतूद आहे, आणि राज्यावरचे एकूण कर्ज 2025-26 च्या अर्थसंकल्पी अंदाजानुसार नऊ लाख कोटींच्या पुढे. पुढच्या काही आठवड्यांत मोजणीसाठी आलेल्या पथकांना अनेक गावांनी वेशीवरूनच परत पाठवले.