नियम ५८ मधून गळालेले शब्द

लोअर परळला काचेच्या मनोऱ्यांच्या आडून अजून एखादी गिरणीची चिमणी डोकावते. ही जमीन अशी कशी बदलली, हे समजायला मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला एक नियम वाचावा लागतो. त्याचा क्रमांक ५८. मुंबईतल्या कापड गिरण्याही ५८ च होत्या, हा योगायोग.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा धड चालल्या नाहीत, पण खालची जवळपास ६०० एकर जमीन सोन्याच्या भावाची होती. अडसर एकच होता. विकास आराखड्यात ती औद्योगिक पट्ट्यात मोडत होती. तिथे घरं, कार्यालयं बांधायची तर वापर बदलण्याची परवानगी हवी. शहराच्या हातात जे काही होतं, ते या परवानगीतच होतं.

१९९१ च्या नियमावलीने त्या परवानगीची किंमत ठरवली. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मैदानं-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. वाटणी व्हायची ती मोकळ्या जमिनीची ‘आणि बांधकामं पाडल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीची’. हे शेवटचे शब्द फार मोलाचे होते, कारण गिरणीचं आवार बहुतेक शेडनीच भरलेलं असतं. मात्र जुन्या बांधकामाला हात न लावता आत नवा व्यवसाय थाटला, तर काहीच द्यावं लागत नव्हतं. त्यामुळे जमीन वाटायला फारसं कुणी पुढे आलं नाही.

१९९६ मध्ये सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली. खासगी गिरण्यांत तिला प्रवेश मिळाला नाही, म्हणून अभ्यास राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांपुरता राहिला. तरी तिने मांडलेला विचार मला आजही सर्वांत शहाणा वाटतो: प्रत्येक गिरणीचे वेगळे तुकडे पाडू नका, सगळ्यांची जमीन एकत्र धरून आखणी करा, म्हणजे सलग मैदानं मिळतील आणि परळ-एल्फिन्स्टन स्थानकांबाहेर पायी चालणाऱ्यांसाठी प्रशस्त चौक होतील. हा आराखडा कागदावरच राहिला.

२००१ मध्ये नियम बदलला, तोही महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली. हे कलम आहे आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलणाऱ्या फेरफारांसाठी. पाडकामानंतर मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा उल्लेख गळाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली. शेड पाडून मोकळी झालेली जागा मालकाकडेच. शहराचा वाटा आवारातल्या रिकाम्या कोपऱ्यांवर आला. एवढा मोठा बदल किरकोळ फेरफाराच्या वाटेने व्हावा, याची चीड आजही येते.

२००५ मध्ये महामंडळाने पाच गिरण्या विकल्या. दादरची ‘कोहिनूर क्रमांक ३’ ही गिरणी ४२१ कोटींना गेली, तर मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर १७ ऑक्टोबर २००५ ला उच्च न्यायालयाने ‘मोकळी जमीन’ म्हणजे पाडकामानंतर मोकळी होणारीही, असा अर्थ लावला. गिरणगावाला वाटलं, आता मैदानं मिळतील. पाच महिन्यांनी, ७ मार्च २००६ ला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. नियमात लिहिलंय तेवढंच ग्राह्य धरलं गेलं आणि गिरण्यांची विक्रीही कायम राहिली.

२०१८ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीत गिरण्यांचा नियम ३५ व्या क्रमांकावर आहे. त्याआधीच्या वर्षी, २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, परळ-एल्फिन्स्टनच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. कोरिया समितीने प्रशस्त चौक सुचवला होता, तो याच स्थानकांबाहेर.