कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तक कसं मिळवायचं: पात्रता, कागदपत्रं आणि कपाटावरचा नंबर

जूनमध्ये प्रवेश घेतलेला मुलगा दिवाळीनंतर पहिल्यांदा ग्रंथालयाच्या खिडकीशी येतो आणि विचारतो, "सर, पुस्तकाला वेगळे पैसे पडतात का?" रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा प्रश्न मी दर वर्षी ऐकतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण तोवर त्याचं अर्धं वर्ष गेलेलं असतं. नियमित प्रवेश घेतलेल्याला वेगळे पैसे पडत नाहीत. प्रवेशाच्या पावतीवर ग्रंथालय शुल्क आणि बहुतेक ठिकाणी ग्रंथालय अनामत अशा दोन ओळी असतात. म्हणजे पैसे आधीच भरलेले आहेत. शुल्क परत मिळत नाही, अनामत मिळते. म्हणून ती पावती घरी जपून ठेवा.

वाचक कार्डासाठी (काही कॉलेजांत अजून बीटी म्हणजे बॉरोअर्स तिकीट कार्डच म्हणतात) त्या पावतीची झेरॉक्स, कॉलेजचं ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचे एक-दोन फोटो आणि ग्रंथालयातच मिळणारा छोटा अर्ज लागतो. अर्जावर गावचा पूर्ण पत्ता आणि चालू मोबाईल नंबर लिहा. राखून ठेवलेलं पुस्तक आलं की फोन त्याच नंबरवर जातो. हल्ली बऱ्याच ठिकाणी ओळखपत्रावरचा बारकोडच कार्डाचं काम करतो. तसं असेल तर निराळं कार्ड मागू नका, फक्त नाव संगणकात चढलंय का ते विचारून घ्या.

आता पुस्तक शोधायचं. इथेच बहुतेक मुलं अडतात.

आधी ग्रंथालयातल्या संगणकावर ओपॅक म्हणजे ऑनलाइन सूची उघडा. मराठी पुस्तकाचं नाव देवनागरीत टाकून सापडलं नाही तर लगेच 'नाही' समजू नका. जुन्या नोंदी कधी रोमन लिपीत केलेल्या असतात, कधी ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असतो. फक्त लेखकाचं आडनाव टाकून पाहा, नाहीतर नावातला एकच ठळक शब्द टाका. नोंद सापडली की दोन आकडे वहीत उतरवून घ्या: वर्गांक आणि दाखलांक. वर्गांक पुस्तकाची जागा सांगतो, तर दाखलांक म्हणजे त्या एका प्रतीचा स्वतःचा क्रमांक. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर वर्गांक एक, दाखलांक पाच.

वर्गांक बहुधा ड्युई दशांश पद्धतीचा असतो. मेल्विल ड्युई यांनी ती १८७६ साली मांडली. सगळं ज्ञान ०००पासून ९९९पर्यंत दहा मुख्य वर्गांत वाटलेलं. आपल्या किनाऱ्याचंच उदाहरण घ्या. माशाच्या शरीररचनेचं पुस्तक ५९७ला, मासेमारीचं ६३९.२ला आणि मासे शिजवण्याचं ६४१.६९२ला. मासा तोच, पण कपाटं तीन. आंबा ६३४.४४ला आणि नारळ ६३४.६१ला, म्हणून ते शेजारी मिळतात. मराठी साहित्य ८९१.४६ला. टिंबानंतरचा आकडा दशांशासारखा वाचायचा: ५५१.४६ हे ५५१.५च्या आधी येतं. सेहेचाळीस पाचापेक्षा मोठे म्हणून पुढे शोधत गेलात तर पुस्तक मागेच राहतं. वर्गांकाखाली सहसा लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं असतात, त्यावरून नेमकं पुस्तक ओळखा.

सूची 'उपलब्ध' म्हणते आणि जागेवर पुस्तक नाही, असं झालं तर वरचा-खालचा खण पाहा, मग वाचनकक्षातली टेबलं आणि परत आलेल्या पुस्तकांची चळत. तरी नाही मिळालं तर दाखलांक खिडकीवर सांगा. बांधणीला गेलंय की चुकीच्या कपाटात बसलंय, हे त्या आकड्यावरून शोधता येतं. "निळ्या कव्हरचं होतं" यावरून येत नाही. कुणी नेलं असेल तर राखीव नोंद करा. काही ग्रंथालयांत कपाटांपर्यंत जाऊ देत नाहीत, तिथे मागणी चिठ्ठीवर हेच दोन आकडे लिहून द्यायचे.

देवघेव सोपी आहे. कार्ड द्या, नोंद होऊ द्या, परतीची तारीख बघा. साधारण दोन-तीन पुस्तकं सात ते पंधरा दिवसांसाठी मिळतात. नेमका नियम आणि दंड तुमच्या ग्रंथालयाच्या फलकावर वाचा. शब्दकोश, विश्वकोश आणि 'संदर्भ' शिक्का असलेली पुस्तकं तिथेच बसून वाचायची. गणपतीच्या सुट्टीआधी पुस्तक नेताना परतीची तारीख सुट्टीत पडत नाही ना, हे तिथल्या तिथे विचारा. मुदत वाढवायची ती तारीख उलटण्याआधी.

पावसाळ्यात पुस्तक दप्तरात नुसतं टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. एसटीच्या खिडकीतून आलेली एक सर पुरते. भिजलंच तर चुलीशी धरू नका, पानं ओढून सोडवू नका. पानांमध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली ठेवा. गुळगुळीत कागदाचं असेल तर वाळायच्या आत ग्रंथालयात आणा, एकदा वाळलं की पानं कायमची चिकटतात. ओलं पुस्तक घाबरून लपवलं की बुरशी धरते आणि मग प्रत वाचवता येत नाही. लगेच सांगितलंत तर बऱ्याचदा वाचते. हरवलं तर बहुधा तीच आवृत्ती आणून द्यावी लागते किंवा किंमत भरावी लागते.

पुस्तकं विकत घेणं जड जात असेल तर पुस्तक पेढीची चौकशी जरूर करा. त्यात क्रमिक पुस्तकांचा संच सत्रभर किंवा वर्षभर मिळतो. अर्जासोबत मागच्या वर्षाचं गुणपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि राखीव गटासाठी असेल तर जातीचा दाखला जोडतात. दाखला निघायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या वेळीच कामाला लागा. कॉलेज एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन वाचनसेवेचं सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागा. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राच्या या सेवेतून ई-पुस्तकं घरी वाचता येतात.

बाहेरच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने आपल्या प्राचार्यांचं पत्र आणि ओळखपत्र आणल्यास बऱ्याच ठिकाणी बसून वाचू देतात. पुस्तक घरी मिळत नाही. रत्नागिरीत राहणाऱ्यांना १८२८ साली स्थापन झालेलं जिल्हा नगर वाचनालयही आहे, त्याची वर्गणी वेगळी.

शेवटच्या वर्षी निकालानंतर सगळी पुस्तकं जमा करून ग्रंथालयाचा ना-देय दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घ्या. तो नसेल तर कॉलेज सोडल्याचा दाखला अडतो. अनामत परत मागताना पहिल्या वर्षाची मूळ पावती लागते, झेरॉक्स सहसा चालत नाही.