खावटी (ठाणे जिल्हा)

घरातले धान्य संपल्यापासून नवे पीक हाती येईपर्यंत पोटापुरते मिळणारे धान्य किंवा पैसे म्हणजे खावटी. पूर्वी ती सावकाराकडून उसनी मिळे आणि सुगीला वाढीव मापाने फेडावी लागे. सरकारी खावटी १९७८ पासून कर्जाच्या रूपाने सुरू झाली. आदिवासी विकास महामंडळ ती काही रोख, काही धान्य अशी देत असे.

अडचणीचा मोसम मुलखागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये १९९७ पासून वृद्धांना इंधनभत्ता मिळतो तो हिवाळ्यात, घर ऊबदार राहावे म्हणून. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या पाड्यांवर थंडी असते, पण चूल विझते ती पावसाळ्यात. कातकरी, ठाकर, वारली कुटुंबांना आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, चार दिवस मजुरी मिळते. त्यानंतर भातकापणीपर्यंत हाताला काम नाही. मग रानावर भिस्त. पहिल्या पावसात बाया शेवळं खुडून कल्याण-ठाण्याच्या बाजारात आणतात, जुडीसोबत काकडाची हिरवी फळेही देतात, कारण काकडाशिवाय शेवळं घशाला खाजतात. शहरी गिऱ्हाइकाला ही हौसेची रानभाजी, विकणारीला त्या दिवसाचे तांदूळ.

करोनाकाळात, २०२० साली, कर्जाऐवजी पूर्ण अनुदान देण्याचा निर्णय झाला. प्रत्येक कुटुंबाला ४,००० रुपये, त्यांतले २,००० बँक खात्यात आणि २,००० रुपयांच्या वस्तू : मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, डाळी, तेल, साखर, मीठ, मिरची, मसाला, चहा. राज्यात ११ लाख ५५ हजार कुटुंबांचे उद्दिष्ट होते. रोजगार हमीचे मजूर, आदिम जमाती (आदिवासींतही सर्वांत मागास म्हणून नोंदलेल्या), पारधी, वनहक्कधारक आणि विधवा-भूमिहीनांसारखी गरजू कुटुंबे त्यात धरली होती. आदिम जमातींत येणाऱ्या कातकऱ्यांमुळे ठाणे जिल्ह्याला ही योजना विशेष लागू पडली. इथले काम शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेत येते. वाटप मात्र २०२१ पर्यंत लांबले. खावटीच्या बाबतीत उशीर ही किरकोळ त्रुटी म्हणता येत नाही. भूक भाद्रपदात लागते.

खावटीचा खरा प्रतिस्पर्धी सावकार उरलेला नाही, तो आहे वीटभट्टीचा मालक. पावसाळ्यात घर अडले की तो उचल देतो. कागद मागत नाही, आजारपणाला, लग्नाला, गणपतीला लगेच पैसे मोजतो. दिवाळी झाली की ती उचल फेडायला अख्खे कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर उतरते. तिथे विटा नुसत्या एकावर एक रचून, वर पेंढा किंवा प्लॅस्टिक टाकून खोपटे उभे करतात. पौषातला वारा विटांच्या फटींतून आत येतो. हिशेब वैशाखात होतो, आणि उचल फिटली नाही तर ती पुढच्या साली ओढली जाते.

अनुदानाला मात्र जातीचा दाखला, रेशनकार्ड, चालू बँक खाते लागे. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पाड्यावरच्या कित्येक घरांना कुलूप असते, आणि पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याला दारात एखादी म्हातारी तेवढी भेटे.