कॅल्शियमचा निरोप आणि तो वाचणारी प्रथिने : पार्श्वभूमी

नागपुरात मेडिकल चौकातल्या औषधदुकानांत रुग्णांचे नातेवाईक ‘आरएल’ (रिंगर लॅक्टेट) सलाईनची बाटली मागतात, त्यातला ‘आर’ हा सिडनी रिंगर यांचा. बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत राहते, असे लंडनमधील या वैद्यांना आढळले होते. पण ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात तयार झाले होते, हे लक्षात आल्यावर त्यांनी शुद्ध पाणी वापरून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हृदय थांबले आणि उणीव कॅल्शियमची आहे, हे त्यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले. बोअरच्या पाण्याने भांड्यांवर जो पांढरा थर बसतो, त्यातलेच हे कॅल्शियम.

चेतासंधीतून, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडातून (सिनॅप्स), रासायनिक संदेश सुटण्यासाठीही कॅल्शियम लागते, हे पुढे बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेदी यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. शांत चेतापेशीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते, म्हणून थोडेसे आत शिरले तरी पेशीला ते जाणवते. पण जाणवते ते कोणाला? माझ्या मते या इतिहासातला खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर मिळण्यास फार विलंब लागला.

पहिले उत्तर स्नायूंतून आले : १९६० च्या दशकात जपानमध्ये सेत्सुरो एबाशी यांनी ट्रोपोनिन हे कॅल्शियम धरणारे स्नायूंतील प्रथिन शोधले. मेंदूसाठी निर्णायक वर्ष १९७० चे. अमेरिकेतील मेम्फिसमध्ये वाय यिउ चेउंग आणि ओसाकात शिरो काकिउची यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एका विकराला (एन्झाइमला) चालना देणारे प्रथिन मेंदूच्या ऊतींत सापडले. तेच कॅल्मोड्युलिन : अवघ्या १४८ अमिनो आम्लांचे, चार कॅल्शियम आयन धरणारे, आणि ते धरताच आकार बदलून इतर प्रथिनांना बिलगणारे. त्याने जागवलेले ‘कॅम-कायनेज-२’ हे विकर स्वतःलाच फॉस्फेट जोडते आणि कॅल्शियम ओसरल्यावरही काही काळ सक्रिय राहते. क्षणभराच्या संकेताची खूण चेतासंधीत मागे राहते ती अशी, आणि स्मृतीच्या अभ्यासात त्याला इतके महत्त्व आहे तेही यामुळेच.

कॅल्मोड्युलिन जवळजवळ सर्व पेशींत असते. मुख्यतः चेतापेशींत आढळणारी त्याची भावंडे नंतर सापडली : १९९१ मध्ये दृष्टिपटलातील रिकव्हरिन, पाठोपाठ मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातील हिप्पोकॅल्सिन. कॅल्शियम मिळताच ही प्रथिने आत दडवलेले मेदाम्लाचे शेपूट बाहेर काढतात आणि त्याच्या आधाराने पेशीपटलाला चिकटतात.