नेट कार्बची वजाबाकी कुठे चुकते

'कीटो', 'शुगर फ्री', 'डायबेटिक फ्रेंडली' अशा पाकिटांवर हल्ली 'नेट कार्ब फक्त ४ ग्रॅम' असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेत मोजलेला नसतो. एकूण कर्बोदकांतून (कार्ब) तंतू म्हणजे फायबर वजा, शुगर अल्कोहोल नावाचे गोडी आणणारे पदार्थ वजा, आणि उरेल ते नेट कार्ब, असा तो काढलेला असतो. अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, या शब्दाची कायदेशीर व्याख्या केलेली नाही. काय वजा करायचं ते कंपनीच ठरवते. जेवणाआधी कार्ब मोजून इन्सुलिन घेणाऱ्याला या मोकळिकीची किंमत दोन तासांनी ग्लुकोमीटरवर दिसते.

वजाबाकीमागचा विचार चुकीचा नाही. तंतुमय पदार्थ लहान आतड्यात पचत नाहीत, त्यांचं ग्लुकोज होत नाही, म्हणून ते वगळणं योग्यच. पण मुळात ते त्या आकड्यात धरलेले आहेत का, हे आधी पाहायला हवं. अमेरिकेतल्या पाकिटांवर 'टोटल कार्बोहायड्रेट'मध्ये तंतू धरलेले असतात. ब्रिटन आणि युरोपात कर्बोदकांच्या आकड्यातून ते आधीच वगळलेले असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक सारणीतही तंतू वगळूनच कर्बोदकं दिली आहेत. ज्वारीच्या १०० ग्रॅममागे तिथे कर्बोदकं ६७.७ ग्रॅम आणि तंतू १०.२ ग्रॅम असे दोन वेगळे आकडे आहेत. कुणी या ६७.७ मधून पुन्हा १०.२ वजा केले, तर ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३४ ऐवजी २९ ग्रॅम कार्ब धरले जातात. दोन भाकऱ्या खाल्ल्या की चूक १० ग्रॅमची होते. अनेकांच्या हिशेबात एवढ्याला इन्सुलिनचं एक पूर्ण युनिट लागतं.

पिठाच्या पिशवीवरचा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे घरी तपासता येतं. १०० ग्रॅममागचे प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कर्बोदकं आणि तंतू यांचे आकडे बेरीज करून पाहा. गहू-ज्वारीच्या पिठात ९ ते ११ ग्रॅम पाणी आणि एक-दीड ग्रॅम क्षार असतातच, त्यामुळे बेरीज ८७ ते ९० च्या आसपास यायला हवी. तशी आली तर तंतू वेगळे दाखवले आहेत. काहीही वजा करू नका. बेरीज ९८-१०० च्या घरात गेली, तर तंतू दोनदा मोजले गेले आहेत, म्हणजे ते कर्बोदकांच्या आकड्यात आहेत. तिथे वजाबाकी करावी.

शुगर अल्कोहोलचा, म्हणजे पॉलिऑलचा, हिशेब जास्त फसवा आहे. दारूतल्या अल्कोहोलशी यांचा संबंध नाही. नावं वेगवेगळी असली तरी कंपन्या या सगळ्यांना एकाच मापाने शून्य धरतात, आणि गफलत तिथेच होते. साध्या साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने वाढवतो याचा अंक, साधारण ६५ आहे. माल्टिटॉलचा ३५, आणि माल्टिटॉल सिरपचा ५० च्या वर. झायलिटॉलचा १३, सॉर्बिटॉल आणि आयसोमाल्टचा ९ च्या आसपास, एरिथ्रिटॉलचा शून्य. घटकांच्या यादीत अनेकदा नाव नसतं, नुसता क्रमांक असतो: ९६५ म्हणजे माल्टिटॉल, ४२० सॉर्बिटॉल, ९५३ आयसोमाल्ट, ९६७ झायलिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल. एवढे पाच क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवा.

माल्टिटॉल रक्तातली साखर वाढवतो त्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. त्याचा रेणू ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल जोडून बनतो. लहान आतड्यात ही जोडी हळूहळू तुटते आणि सुटलेलं ग्लुकोज थेट रक्तात जातं. मिठाईवाल्यांना आणि चॉकलेटवाल्यांना मात्र तोच सोयीचा, कारण गोडी साखरेच्या ९० टक्के आणि वजनाला वजन वापरता येतो. एरिथ्रिटॉलचा पाक थंड झाला की पुन्हा खडे धरतो, आणि तो जिभेवर गार लागतो, म्हणून तो सगळीकडे चालत नाही.

उदाहरण घेऊ. समजा शुगर फ्री चॉकलेटच्या ४० ग्रॅम वडीत एकूण कार्ब २४ ग्रॅम, त्यातले तंतू ४ आणि माल्टिटॉल १६ ग्रॅम. पाकीट म्हणतं, नेट कार्ब ४. मधुमेहाच्या रुग्णांना शिकवला जाणारा नियम वेगळा आहे: पॉलिऑल ५ ग्रॅमपेक्षा जास्त असतील तर त्यांचा निम्माच भाग वजा करायचा. मग २४ वजा ४ वजा ८, म्हणजे १२ ग्रॅम, पाकिटाच्या तिप्पट. एरिथ्रिटॉल असेल तर पूर्ण वजा केला तरी चालतो. उलट बाजूचीही काळजी घ्यावी. माल्टिटॉलचे सगळे १६ ग्रॅम साखरेसारखे धरून इन्सुलिन घेतलं, तर इन्सुलिन आधी काम करतं, साखर मागून आणि कमीच येते, आणि मधल्या वेळेत हायपो होऊ शकतो, म्हणजे रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

जे शोषलं जात नाही ते मोठ्या आतड्यात पाणी ओढतं आणि तिथल्या जिवाणूंमुळे आंबतं. पोट फुगणं, गॅस आणि जुलाब यातूनच होतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांचं पोट त्या औषधानेही बिघडू शकतं. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करण्याआधी शुगर फ्री बिस्किटं आणि च्युइंगम आठवडाभर थांबवून पाहावीत. एरिथ्रिटॉलचा त्रास कमी, कारण तो बहुतांश लहान आतड्यातच शोषला जातो आणि लघवीवाटे तसाच बाहेर पडतो. मात्र २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मधल्या संशोधनात रक्तातलं एरिथ्रिटॉलचं जास्त प्रमाण आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध आढळला. यातून कारण सिद्ध होत नाही; शरीर स्वतःही थोडा एरिथ्रिटॉल बनवतं. तरीही हृदयविकार असलेल्यांनी तो चमच्या-चमच्याने रोज वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

गोडवा कशाचा यावरच लक्ष राहिलं की बाकीचे घटक निसटतात. शुगर फ्री बिस्किटात मैदा असतोच. उकडीच्या मोदकाच्या पारीला २० ग्रॅम तांदळाचं पीठ लागलं, तर सारण कशानेही गोड केलं तरी पारीचेच १५-१६ ग्रॅम कार्ब होतात. 'साखर न घालता केलेल्या' खजुराच्या लाडवात तर खजुराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग साखरच असते.

नवा पदार्थ पहिल्यांदा एकटाच, ठरावीक वजनात खाऊन साखर तपासणं सगळ्यात खात्रीचं. खाण्याआधी, मग एक, दोन आणि तीन तासांनी. तिसरी तपासणी गाळू नका, पॉलिऑल आणि चरबी असलेल्या पदार्थांची साखर उशिरा चढते.

आणि साखर ७० च्या खाली गेली असताना शुगर फ्री चॉकलेट अजिबात कामाचं नाही. त्या वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन चहाचे चमचे पाण्यातून घ्यावेत आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. मधुमेहाच्या व्होग्लिबोज किंवा अकार्बोज गोळ्या घेणाऱ्यांनी तर साध्या साखरेवरही विसंबू नये. या गोळ्या साखरेचं विघटन रोखून धरतात, त्यामुळे साखरपाणी पोटात जाऊनही रक्तातली साखर वेळेत वाढत नाही. ग्लुकोजला विघटनाची गरज नसते, म्हणून त्याचीच पुडी खिशात असावी.