लेयरवरचं डॉजिंग-बर्निंग

डॉजिंग-बर्निंग म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फोटोतला हवा तेवढाच भाग उजळ करणं (डॉज) नाहीतर गडद करणं (बर्न). नावं डार्करूममधली, म्हणजे फिल्मचे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीतली आहेत, तिथे एन्लार्जरच्या (निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश टाकणाऱ्या यंत्राच्या) उजेडात तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती हलवत राहायचे, मग तेवढ्या भागाला प्रकाश कमी पडून तो कागदावर उजळ यायचा, आणि भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून जास्तीचा प्रकाश सोडला की गडद. अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सने १९४१ साली काढलेल्या 'मूनराइज'चं आकाश पुढच्या प्रिंटांमध्ये असंच बर्न करत जवळपास काळं केलं. दर प्रिंटला मेहनत पहिल्यापासून.

लेयरने, म्हणजे फोटोवर काचेसारख्या ठेवलेल्या वेगळ्या थराने, ही कटकट मिटवली. फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ ला, ३.० व्हर्जनमध्ये. त्यातलं डॉज आणि बर्न टूल सरळ मूळ फोटोवर फिरवलं तर नंतर पस्तावायची वेळ येते, त्यापेक्षा वर एक नवीन लेयर घ्यायचा, त्याचा मोड (खालच्या फोटोत मिसळायची पद्धत) सॉफ्ट लाइट, आणि तो ५०% ग्रेने, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधल्या राखाडीने, भरायचा. या मोडमध्ये हा ग्रे दिसतच नाही. मग त्यावर पांढरा ब्रश फिरवला की खालचं उजळतं, काळा फिरवला की गडद होतं, फ्लो (ब्रशमधून एका वेळी किती रंग उतरतो ते) ५ ते १०% ठेवायचा आणि हळूहळू थर चढवायचे, चुकलं तर त्या जागी परत ग्रे मारला की झालं, खालचा फोटो जसाच्या तसा. गिंप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही हे जमतं.

खानदेशात याची गरज जरा जास्तच, कारण आपलं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे भर दुपारी शेतकऱ्याचा फोटो काढा, टोपी पांढरीफट्ट आणि टोपीखाली डोळ्यांच्या जागी नुसता अंधार. डोळे आणि गालाच्या सुरकुत्या हलक्या हाताने डॉज करायच्या, टोपीच्या घड्या बर्न करायच्या. पण टोपी पार जळून २५५ वर, म्हणजे निव्वळ पांढऱ्यावर, गेली असेल तर सॉफ्ट लाइटमध्ये कितीही काळं फिरवा, ती ढिम्म हलत नाही, आणि कर्व्ह्ज लेयरने (उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या लेयरने) ओढून खाली आणली तर नुसता राखाडी ठिगळ दिसतो, घड्या काही परत येत नाहीत. म्हणून फोटो काढतानाच एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) टोपीवर धरायचं, अंधार नंतर उचलता येतो. सारंगखेड्याच्या यात्रेतला काळा घोडा असला तर पाठीवरची चकाकी तेवढी उचलायची, सगळा घोडा उजळवला तर तो मातकट दिसतो.

आणि डॉज म्हणजे माणूस गोरा करणं नाही, स्टुडिओत लग्नाच्या फोटोंना होतं तसं. सावळा चेहरा सावळाच राहू द्यायचा, फक्त त्यावर उजेड कुठून पडतोय ते दिसलं पाहिजे.

कडेला ब्रश बाहेर सांडला की डोक्याभोवती देवाच्या फोटोसारखं वलय येतं. तासभर काम झालं की नजर सरावते आणि हे दिसेनासं होतं, तेव्हा फोटो पडद्यावर लहान करून लेयरच्या शेजारच्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक करत बंद-चालू करून बघायचं, बहुतेक वेळा लेयरची ओपॅसिटी (तो किती ठळक दिसतो ते) ६०-७०% वर आणावीच लागते.